जनाचं पान उलटेपर्यंत

६ जानेवारी
रखमीला चाळीसपैकी अकरा! माझ्या शिकवणीतला बीजगणिताचा सराव पेपर. जनाला दहा. जनाचं एक वेळ समजू शकते, तिचा हात मुळातच जड. पण रखमी? हीच मुलगी काल फळ्यापाशी उभी राहून एकामागून एक समीकरणं सोडवत होती, खडू थांबत नव्हता. पेपर पुढ्यात आला की गोठते.

वरच्या पाड्यावरून यंदा दहावीला या दोघीच. पास झाल्या तर शहापूरला वसतिगृह, अकरावी. रखमीला नर्स व्हायचंय. नापास झाली तर मामाने वाशिंदच्या गोदामात पॅकिंगचं काम बोलून ठेवलंय. "दोन-दोनदा पेपर कोण देत बसंल?" म्हणाला म्हणे.

तिची भीती मीच घालवणार. मला माहीत आहे ती कशी असते. बी.ए.च्या पहिल्या पेपरला मला स्वतःचा बैठक क्रमांक लिहिता येईना. घरात आधी कुणी शिकलेलं नाही. असं सगळ्यांनाच होतं हे सांगणार कोण?

९ जानेवारी
परीक्षेची भीती घालवायला मुरबाडच्या शिबिरात शिकवलेलं आज वर्गावर घेतलं. डोळे मिटा, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जना म्हणते, "ताई, सहापर्यंत माझा श्वासच नाय उरत!" सगळा वर्ग हसला. रखमी मात्र शांत बसलेली. इतकी शांत की मला वाटलं, लागू पडतंय!

१६ जानेवारी
दुसरा सराव पेपर. पाणी प्या, सोपं आधी सोडवा, अडलं तर पुढे जा — सगळं सांगून झालं.
रखमी बारा. जना बारा.

२१ जानेवारी
आज पेपर चालू असताना मागे उभी राहिले. रखमीने पहिलं पान झरझर लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. मान वळवून शेजारच्या जनाच्या पेपराकडे बघत बसली. किती वेळ! जनाने पान उलटलं, तशी हिने पेन उचललं.
माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणाले — "कॉपी करतेस? आणि तीही जनाची?"
जनाचं तोंड एवढंसं झालं. एका वाक्यात दोघींना मारलं मी. रखमीने पेपर मिटला. दप्तर उचललं आणि निघून गेली.

२३ जानेवारी
दोघीही नाहीत. कालही नव्हत्या.

२५ जानेवारी
पाड्यावर गेले. रखमीची आई, भिमी, कुडाच्या भिंतीला शेणमाती लावत होती. "बस गो बाय," म्हणाली, हात तसेच भरलेले. मी सगळं सांगितलं, कॉपीसकट. तर ती हसायलाच लागली!

"बगत नाय ती. थांबते. आवणीला नाय का थांबत?"

मला कळेना. मग तिने तिथेच अंगणात वाकून मागे मागे सरत दाखवलं. आवणी म्हणजे भाताची रोपं लावायची ती मागे सरत. पाच-सहा जणी एका ओळीत. "बाकीच्या बिगीबिगी मागं सरल्या आन एक तिथंच ऱ्हायली, तर तिच्या दोनी बाजूला भात लागतं. कोंडते ती. निघंल कुठून? सगळी हसतात तिला. म्हणून जिचा हात चालतो तिनं थांबायचं. रखमी सात वर्सांची होती तवापासून ओळीत हाय."

रखमी हंडा घेऊन आली. मी माफी मागितली. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली, मग म्हणाली, "जनाला नको सांगू, ताई. मी तिच्यापायी थांबते कळलं तर लाज वाटंल तिला."

भिमी म्हणाली, "जाऊ दे. तुझा धाक हाय तो बरा, पण बगून घाल."

उतरताना पाय जमिनीवर नव्हते माझे. सोळा वर्षांची मुलगी. उत्तर येतंय. घड्याळ चाललंय. आणि ती पेन खाली ठेवून स्वस्थ बसते, कारण शेजारची अजून पोचलेली नाही! कसली भीती न् कसलं काय. त्या वर्गात घाबरलेली एकटी मीच होते. आणि मी तिला श्वास मोजायला शिकवत होते!

आमच्याही शेतात आवणी असते. पण लहानपणापासून आईने मला चिखलात उतरू दिलं नाही. "तू शीक." मी शिकले, आणि एवढं माहीत नव्हतं.

२८ जानेवारी
दोघी आल्या. जनाचीही माफी मागितली, सगळ्यांदेखत. ती म्हणाली, "कशाची, ताई?" पण हसली.
नंतर रखमीला बाजूला घेऊन सांगितलं, परीक्षेत ज्याने त्याने पुढे जायचं असतं.
"का?"
मी फळा पुसायला वळले.

२ फेब्रुवारी
पुन्हा भिमीकडे. म्हटलं, परीक्षेत थांबायचं नाही हे तिला तूच सांग आता.
"पेपर दोघींना येगळा येगळा देतात ना?"
"हो."
"मंग भाताचं खाचर येगळं. मधी बांध हाय. आपल्या खाचरात आपुन लावायचं. आपलं झालं का मंग जायचं दुसरीच्या बांधावर."
एवढंच! शिबिरात लिहून घेतलेल्या माझ्या तीन वह्यांमध्ये नाही हे कुठे.
रखमी चुलीपाशी बसून ऐकत होती. मग मलाच अट घातली — "पण पेपर सुटला का फुडच्या पेपराचं मी जनाला घेऊन बसनार. तू मधी नाय यायचं." शिकवणी माझी, आणि मला बाहेर काढलं!

२१ फेब्रुवारी
बोर्डाचा पहिला पेपर. खर्डीला केंद्र. दोघींच्या खोल्या वेगळ्या — रखमी खाली, जना वर. जना जिना चढून दिसेनाशी झाली तरी रखमी तिथेच उभी. मी म्हटलं, "जा." गेली.

५ मार्च
बीजगणित. दोन तास फाटकाबाहेर. चार आत, सहा बाहेर — मीच करत होते, आणि जनाचं बरोबर आहे, सहापर्यंत श्वास उरत नाही.
घंटा झाली. रखमी आली. "सगळा लिवला, ताई. शेवटचंबी." मला ओरडावंसं वाटलं आनंदाने! आणि ती रडायलाच लागली. "मी थांबले नाय. जना कुठवर आली असंल?"
जना सगळ्यांत शेवटी बाहेर आली. रखमी धावली, तिच्या हातातलं पॅड घेतलं. पेपर कसा गेला, विचारलंच नाही. "भूक लागली?" म्हणाली. दोघी पायरीवर बसून भाकर खायला लागल्या. मी लांबच उभी राहिले. मध्ये यायचं नाही म्हणून सांगितलंय.

१२ मे
उद्या निकाल. रखमीची काळजी नाही आता. जनाला काय सांगायचं, ते जुळवून ठेवलंय. जुलैला परत बसता येतं, एक विषय म्हणजे काही नाही. रखमी तिला सोडून शहापूरला जाईल का, देव जाणे.

१३ मे
रखमी एकाहत्तर टक्के! जना — तीनदा बघितलं — शहात्तर. गणितात रखमीपेक्षा नऊ गुण जास्त!
जनाला एकटीला गाठलं. "अगं, मग सरावाला दहा-बारा कसे पडायचे?" तिने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली केला. "रखमीला नको सांगू हां, ताई. ती सारखी अडायची. पान झालं का पेन ठेवून गप बसायची बिचारी. मंग मीबी हळूहळू लिवायची."