रिकाम्या हाताची हाक

तलवाडा, ता. गेवराई
२० नोव्हेंबर २०१५

तीर्थरूप रतनअक्कास,
धाकट्या साखराचा शि. सा. न. वि. वि.

तर त्या सकाळी मी शेण भरत होते. मागच्या दुष्काळातली गोष्ट सांगते आहे, दूध संस्थेच्या चारा छावणीतली. दावणी झाडून झाल्या होत्या, पाणी शेंदून झालं होतं, बैलांनी टाकलेली चिपाडं वेचायची राहिली होती. छावणीत नियमानं फक्त मोठी जनावरं. आपली मेंढरं कुंपणाबाहेर, बैलांच्या उष्ट्यावर. चिपाडांची पाटी घेऊन मी बाहेर गेले आणि ह्यांची हाक दिली. जीभ टाळ्याला लावून फिरवायची, मग लांब ‘ये गं बायऽऽ’. सगळा कळप धावत आला.

मागं माझा लेक हरिबा दुधाचे रिकामे कॅन उपडे घालून बडवत बसला होता. चेअरमन विठ्ठलरावांचा बंकट गिटार घेऊन होता. जनावरं मोजायला बापानं त्याला तिथं बसवलं होतं. माझी हाक ऐकून त्यानं तीच तारेवर वाजवली. पोरं हसली. मीही हसले, अक्का.

हे आज उगाळायचं कारण आहे. तुला ऐकू येत नाही, त्यामुळं फोनवर सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही. त्या पोरांनी ‘छावणी’ नावाचा बँड काढला आणि पुण्याला गेली, एवढं तुला माहीत आहे. दिवाळीत त्यांचं गाणं आलं. म्हणे सगळ्या महाराष्ट्रात एक नंबरला आहे. परवा गेवराईच्या स्टँडवर एका रिक्षातून ह्यांची हाक आली. मी भाजीची पिशवी खाली ठेवून वळून पाहिलं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी पाहिलं.

आधी हरिबाचा ढोल, मग गिटार, आणि मग बंकटच्या तोंडून ती हाक. जिभेची फिरकीसुद्धा तीच. त्या पोराला मी छावणीत माझ्या फडक्यातली भाकरी दिली होती. त्यानं माझ्या घरातून हे नेलं.

तुझ्या कानाचं मोठ्या दवाखान्यात काय म्हणाले ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
साखरा


अंबाजोगाई
६ डिसेंबर २०१५

चि. साखरास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पेंडीच्या पोत्यावरची अक्षरं गिरवून लिहायला शिकलीस, पण आता तुझी वेलांटी माझ्यापेक्षा देखणी येते. जरा जळायला होतं. कानाचं म्हणशील तर डॉक्टरांनी पाहिलं, यंत्र देतो म्हणाले. मी म्हटलं, सूनबाई काय बोलते ते कळायला लागलं तर घरातली शांतता जाईल.

तुझा लेक टीव्हीवर पाहिला. केस एवढे वाढलेत की मला वाटलं यंदा तुम्ही कातरणी केली नाही. नातवानं ते गाणं लावलं तेव्हा मी स्पीकरवर तळहात ठेवला. ढोल हाताला कळला. हाक काही कळली नाही. सिदूरावांची हाक मला ऐकू येत होती तेव्हाची आठवते, तेवढी पुरे.

आता मोठी बहीण म्हणून विचारते. त्या पोरांनी तुला विचारलं होतं का? तू हो म्हणाली होतीस का? आणि बंकटला शिव्या घालण्याआधी हरिबाला विचार. गाणं दोघांचं आहे.

प्रकृतीला जप. आमच्याकडंही नळाला पंधरवड्यानं पाणी येतंय. घरच्यांना आशीर्वाद सांगायला तुझ्याकडं मेंढरंच आहेत, त्यांना सांग.

तुझी अक्का,
रतन


तलवाडा
२५ एप्रिल २०१६

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पाला आणायला रोज लांब जावं लागतं. पुन्हा छावण्या उघडल्या आणि पुन्हा मेंढरं बाहेरच.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. पोरांनी विचारलं होतं. पुण्याला जायच्या आधी दोघं अंगणात बसले आणि बंकट म्हणाला, सिदूमामांची हाक गाण्यात घालू का? मी नाही म्हणाले. ह्यांचा नेम तुला ठाऊक आहे. मूठभर दाणे, मीठ, निदान पाला हातात असल्याशिवाय हाक द्यायची नाही. आमच्यात प्रत्येकाची हाक वेगळी असते. मेंढरू अंधारात, पुरात त्या हाकेवर येतं, कारण ती कधी खोटी ठरलेली नसते. गाण्यात हाक म्हणजे बोलवायचं, आणि द्यायचं काहीच नाही. बंकट लगेच म्हणाला होता, मावशी, मग ऱ्हाऊ द्या. हरिबा मांडीवर ठेका धरत राहिला होता.

तुझं पत्र आल्यावर मी हरिबाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, आई, गाणारा बंकट हाय, त्यानं घातली, मी काय करू. मग मी दूध संस्थेत गेले आणि दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर विठ्ठलरावांना म्हणाले की तुमच्या पोरानं मेलेल्या माणसाच्या घरात चोरी केली. संक्रांतीला बंकट आला, तर त्याला दारात उभं केलं नाही. तो काहीतरी सांगत होता. मी दार लावलं.

आता परवाचं लिहिते. रामकिसनच्या पोराची वरात सडकेनं चालली होती. मेंढरं पलीकडं टँकरच्या सांडलेल्या पाण्यावर होती. डीजेवर ते गाणं लागलं. सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि पळत सुटली. मी आडवी झाले, ओरडले, पण माझा आवाज त्या पेट्यांपुढं काय टिकणार? वाळूचा टेंपो आला. त्याचा दोष नाही. मोरी मेंढी गेली, म्होरकी होती ती. तिच्या मागची आणखी काही गेली.

अक्का, वाचलेली मेंढरं वरातीत शिरली आणि स्पीकरच्या पेट्यांपुढं माना वर करून उभी राहिली. वाट बघत. लोक हसले, मोबाईल काढून त्यांचं शूटिंग केलं. गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी ती तिथंच उभी. ह्यांनी बोलावलंय म्हणजे काहीतरी मिळणार, असं त्यांना वाटत होतं. मी एकेकीला कानाला धरून बाहेर काढलं.

बंकटचं वाटोळं होवो असं लिहिणार होते. तुझा हात पाठीवर असल्यासारखं वाटलं म्हणून लिहीत नाही.

आहेस तशी माझीच राहा.

तुझी,
साखरा


अंबाजोगाई
२२ मे २०१६

चि. साखरास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच.

‘छावणी’ मोडली, हे तुझ्या कानावर आलं असेल. पेपरात बंकट भांडून निघाला असं छापलंय. तो बंकट काल माझ्याकडं आला होता. तू दारात घेतलं नाहीस म्हणून तलवाड्याऐवजी अंबाजोगाई गाठली. त्याला उजेडाकडं तोंड करून बसवलं. मला ओठ बघून कळतं, पण त्यानं मिशा वाढवल्यात. मी म्हटलं, बाबा, मिशीला कात्री लाव नाहीतर अर्धं बोलणं केसातच राहील. तो खरंच आत गेला आणि नातवाच्या कात्रीनं मिशी कापून आला. तेव्हाच मला भीती वाटली, की हा काहीतरी खरं सांगायला आलाय.

गाणं काढणाऱ्या कंपनीतल्या साहेबानं दोघांना विचारलं होतं, ही हाक कुणाची? कुणाची असेल तर त्याच्या घरच्यांचा होकार लागेल. बंकट म्हणाला, सिदूमामांची हाय, मावशी नको म्हणल्यात, आपण ती काढून टाकू. त्यावर हरिबा बोलला. म्हणाला, ती एका मेंढक्याची हाक हाय, तो वारला, मागं कोणी न्हाई.

मला वाटलं माझी ओठ वाचण्यात चूक झाली. मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. ओठ तसेच हलले. मागं कोणी न्हाई.

बंकट स्वतःला सोडवून घेत नव्हता. तो म्हणाला, मीबी गप बसलो, मीच गायलो, लोक नाचायला लागले तेव्हा मलाबी गोड वाटलं. पण मेंढरांचं त्याला घरून कळलं, आणि त्यानं हरिबाला सांगितलं की आता स्टेजवरून खरं सांगू, नाहीतर मी गाणार नाही. हरिबा तयार झाला नाही. बँड मोडला तो यावरून.

साखरे, मी हे न लिहिता राहू शकले असते. पण उद्या तुला बाहेरून कळलं आणि अक्काला ठाऊक होतं हेही कळलं, तर तुला मीसुद्धा राहणार नाही.

यंत्र घेतलं नाही. ऐकण्यासारखं फार नाही.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का


तलवाडा
१२ जून २०१६

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. शब्द तेच राहिले. लिहिलंस ते बरं केलंस.

विठ्ठलरावांच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यांच्या गीताबाईंनी चहा दिला. त्यांनी झालेलं काही काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

आज हरिबा आला, स्वतःच्या गाडीनं. जेवायला वाढलं. भाकरी त्याला अजून कुस्करूनच लागते. जेवण झाल्यावर विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, तुला पुन्हा विचारलं असतं तरी तू नाहीच म्हणाली असतीस. दिवाळी तोंडावर आली होती, साहेबाला लगेच उत्तर हवं होतं, आणि असं दार पुन्हा उघडलं नसतं. मी म्हटलं, बाप गेला हे खरं सांगितलंस, ते चाललं. पण कोणी न्हाई म्हणताना तुला माझं तोंड दिसलं का रे?

तो म्हणाला, “दिसलं, आई. म्हणूनच घाईनं बोललो.”

यापेक्षा तो खोटं बोलला असता तर बरं, असं एकदा वाटलं.

मग तो पुढचं सांगू लागला. नवा बँड काढणार आहे. त्यात बापाचं नाव मोठ्या अक्षरात घालणार. बीडला कार्यक्रम करणार, आणि मी स्टेजवर येऊन हाक द्यायची. लोक लई रडतील म्हणाला. मी भांडी उचलली.

संध्याकाळी तो आपणहून कळपाकडं गेला. माझ्याकडं पाठ करून बापाची हाक दिली. खोटं सांगत नाही अक्का, बंकटपेक्षा चांगली दिली. थेट ह्यांचीच. एकदोघींनी कान हलवले आणि पुन्हा माती हुंगू लागल्या. मी घरातून ज्वारीची ओंजळ घेऊन गेले आणि त्या वरातीनंतर पहिल्यांदा मी हाक दिली. माझ्या हातात दाणे होते. तरी आली नाहीत. शेवटी चालत जाऊन त्यांच्या तोंडापुढं दाणे टाकावे लागले. हरिबा म्हणाला, येतील आई, व्हईल सवय. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. चहा घेऊन तो निघाला. निघताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला. तो माझा लेक आहे आणि राहील.

ह्यांचं दुःख मला ठाऊक झालं आहे. ते एका जागी बसून असतं, मी त्याच्या बाजूनं झाडून काढते. हे दुसरं तसं नाही. ते गाडी चालवतं, जेवायला येतं, पोचलो म्हणून फोन करतं. त्याला कुठं बसवायचं ते अजून कळत नाही.

पावसाचं चिन्ह नाही. तुझ्या नातवाला मुका. तुझ्या मनात माझी जागा आहे तेवढी ठेव, वाढवून मागत नाही.

तुझी,
साखरा

ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी गेवराईच्या बाजारातून पितळी घंटा आणली, आता म्होरकी झालेल्या पांढऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधली, आणि तोंड न उघडता कळप रानात नेला.