सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं

३ मार्च, सोमवार
नवा संकल्प. नेटवर्क आणि सिक्युरिटीच्या जगात काय चाललंय ते रोज वाचायचं. परवा मोठ्या साहेबांनी पेपरातल्या कुठल्याशा व्हायरसबद्दल विचारलं आणि मला नुसती मान हलवावी लागली. एवढ्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचा नेटवर्क मॅनेजर मी. पुन्हा असं होणे नाही.

५ मार्च, बुधवार
मोठी बातमी! आपल्या नेटवर्कच्या दारावर राखणीला आहे त्याच फायरवॉलमध्ये भोक सापडलंय. कंपनीने ते बुजवणारं अपडेट दिलंय. ताबडतोब सगळ्या स्टाफला मेल टाकला, लाल अक्षरांत. अपडेट टाकायला नेटवर्क थोडा वेळ बंद ठेवावं लागेल. दुपारी वेबिनार आहे. शनिवारी टाकतो.

८ मार्च, शनिवार
मेव्हणा जेवायला आला. त्याला फायरवॉल समजावली. घोरायला लागला. बायको म्हणाली, बिचाऱ्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. अडाणी खानदान. अपडेट सोमवारी. नक्की.

१२ मार्च
रिसेप्शनिस्टबाईंनी अनोळखी मेल उघडला. मुलीच्या शाळेचा निघाला. तरी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून झापलं. रडल्या. साहेब म्हणाले, असा कडकपणा हवा. इतका छान दिवस, अपडेट कशाला काढून बसा?

१७ मार्च
त्याच भोकातून चोर शिरायला लागलेत म्हणे. मी म्हटलंच होतं! यावर लेख लिहायला घेतलाय. आधी लेख, मग अपडेट.

२० मार्च, गुरुवार
लॅबचे सगळे कॉम्प्युटर लॉक. पडद्यावर खंडणीची मागणी. काउंटरवर झुंबड. एक आजोबा बायकोच्या गाठीचा रिपोर्ट मागत होते, त्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत म्हणे. सांगितलं, थांबा, मी कामात आहे. होतोच. हे रिसेप्शनच्या त्या मेलमधून आलं, असं साहेबांना पटवत होतो. बाईंना तिथल्या तिथे काढलं. हेडफोन पुसून टेबलावर ठेवला नि गेल्या.

२२ मार्च
बाहेरून एक तज्ज्ञ मुलगी बोलावलीय. विचारते, फायरवॉलचं अपडेट का टाकलं नाही? म्हटलं, सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं, मेल आहे माझा. तिने तो साहेबांना दाखवला. साहेब बराच वेळ वाचत होते. प्रभावित झाले असावेत.
आजोबा आज आले नाहीत. आजींना ॲडमिट केलं म्हणे. काउंटरवर तेवढीच कटकट कमी.

२४ मार्च, सोमवार
सकाळी लॅबमधून फोन. रिसेप्शनिस्टबाई! त्यांना परत घेतलंय. म्हणाल्या, सर, साहेबांचा निरोप आहे, तुम्ही आता येऊ नका. मी समजावलं, फोनवरच्या निरोपावर विश्वास ठेवायचा नसतो, अशीच फसवणूक होते. त्या म्हणाल्या, मग येऊन दाराला कार्ड लावून बघा.
गेलो. लावलं. लाल दिवा.
काचेतून बाई दिसत होत्या. मी हात केला. फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी उचलून कानाला लावला.