चेपलेला बॉल

खंडेनवमी, १९९८. संध्याकाळ.

सकाळी फौंड्रीत लेथची पूजा झाली, मग मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीत गेलो. गदेशेजारी तो जुना कातडी फुटबॉल, हळदकुंकू लावलेला आणि चेपलेला. लहानपणापासून बघतोय. त्यात हवा का भरत नाहीत, हे आजच विचारावंसं वाटलं. का कुणास ठाऊक.

तालमीचे जुने गोलकीपर तात्या म्हणाले, "आपला न्हाय त्यो. पलीकडच्या पेठेचा हाय. मॅचनंतर मारामारी झाली, पळापळीत बॉल बदलले. आपला त्यांच्याकडं ऱ्हायला."

"मग परत का नाही केला?"

"आधी कुणी जायचं?"

"बरं, पण हवा?"

"दुसऱ्याच्या बॉलात आपली हवा कशी भरायची रं?"

कुस्तीच्या तालमीत फुटबॉल आला कसा, हेही विचारायचं होतं. राहिलंच. डोक्यात तो चेपलेला बॉल. पूजा करायची, पण फुगवायचा नाही? आणि आपला तिकडं कसा असेल? फेकला असेल?

घरी सुमनला सांगितलं. तिचं माहेर त्याच पलीकडच्या पेठेत. पुऱ्या लाटता लाटता म्हणाली, "हाय की आमच्या तालमीत. बाबा दर खंडेनवमीला खोबरेल लावून हवा भरत्यात. पावण्यांचा बॉल हाय, चेपलेला बरा दिसत न्हाय म्हणत्यात."

"आपलं लग्न झाल्यापासून?"

"न्हाय. मी लहान हुते तवापासनं."

उद्या तात्यांना हे सांगू, की नुसता सायकलचा पंप घेऊन जाऊ?