मुळांवरचा पिवळा थर

प्रिय आये,

आज सुमन मावशीशी भांडले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून दवाखान्याचं शटर अर्धं ओढून लिहायला बसले. तू असतीस तर बहिणीची बाजू घेऊन आधी मलाच ओरडली असतीस!

पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाची हळद. तिच्या आपटा गावाहून आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाय, घासून पांढरे कर. दादाच्या हळदीला तुझ्या आयशीचे दात कसे चमकत व्हते! तसेच पायजेत."

तसेच! ऐकलंस ना?

दादाच्या हळदीआधी तूही अशीच बसली होतीस. मी गावातली पहिली दातांची डॉक्टर, डोक्यात हवा गेलेली. मशेरी लावून लावून तुझ्या हिरड्या मागे सरकल्या होत्या, मुळं उघडी पडली होती. त्यांच्यावरचा पिवळा थर मला मशेरीचा डाग वाटला. मी खरवडत गेले, पार हिरडीच्या आतपर्यंत.

तो डाग नव्हता गं. ते सिमेंटम होतं, मुळावरचं पातळ आवरण. हाडाकडून येणारे बारीक धागे त्यातच रुतलेले असतात, म्हणून दात जागेवर राहतो. परीक्षेत याची आकृती काढून मार्क मिळवले होते मी! पण आपल्या बायकांच्या तोंडात पिवळं दिसलं की ती मशेरीच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

हळदीला तू मनसोक्त हसलीस. त्यानंतर माठातलं पाणीही तुला सोसेना. लवंग धरून बसायचीस. मग पुढचे चार दात हलले आणि गेले. आणि तू गावभर सांगत सुटलीस, "मशेरीनं गेले माझे दात. पोरगी सांगत व्हती, मीच ऐकलं नाय."

का सांगितलंस असं? माझी पाटी नवी होती म्हणून? मशेरीचा दोष होताच, पण अर्धा माझा होता. एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यास!

आज मी मावशीला सगळं खरं सांगितलं. तिच्याही मुळांवर तोच थर आहे. म्हटलं, याला मी हात लावणार नाही.

ती ताडकन उठली. "म्हंजे तुझी आय खोटं बोलत व्हती?"

"हो. माझ्यासाठी."

"मेलेल्या आयशीला खोटारडी म्हणतेस? माझ्या दारात पाय ठेवू नको. दुसरीकडं घासून घेईन मी."

घेईल गं ती, हट्टी आहे. पण मीही तुझ्याच पोटची आहे. उद्या तिच्या ओटीवर लग्नाचे तांदूळ निवडायला आपल्या गावच्याही बायका जमणार आहेत. मी जाणार. हाकललं तरी बसणार. तुझे दात कुणी घालवले, ते माझ्या तोंडाने सगळ्यांना सांगणार. मग आपल्या गावातलं कुणी माझ्या दवाखान्याची पायरी चढलं नाही तरी बेहत्तर.

तू मला सांभाळायला खोटं बोललीस. त्या खोट्यापायी तुझ्या बहिणीचे दात मी जाऊ देणार नाही, हा शब्द देते. रागावायचं तर खुशाल रागाव.

तुझी,
वनिता