कुंभारीच्या अलीकडे संपलेलं पेट्रोल

मनाली,

स्कूटर कुंभारीच्या रस्त्यावर उभी आहे. बाटलीत पेट्रोल घेऊन ती आणायला चाललोय. भाकरी झाकून ठेवलीय.

मॅरेथॉन पळायला अथेन्स कशाला, सिद्धेश्वर तलाव आहे की, असं मीच म्हणालो होतो. तरी आज तुझ्या मागं आलो, म्हटलं बघू सूनबाई कुठं दमते ते. स्कूटर बंद पडली, तू पळतच राहिलीस. कुत्री अंगावर आली तरी थांबली नाहीस. ठिपका होईपर्यंत बघत उभा राहिलो. अंगावर काटा आला गं. माणसं जोखण्यात मी चुकत नाही, घरातलंच माणूस जोखायला चुकलो.

अथेन्सला जा. ‘आप्पा म्हणतील तसं’ म्हणणाऱ्या तुझ्या नवऱ्याला सांग, आप्पा हो म्हणाले. पेट्रोलचं तेवढं सांगू नकोस.

आप्पा