रजेवर असताना हजर राहिल्याबद्दल

दिनांक : १३ डिसेंबर, शुक्रवार

प्रति,
मा. अधीक्षक,
अभिलेख शाखा, पहिला मजला,
(दार आतून बंद असलेले दालन).

विषय : सहा दिवसांची रजा नव्याने मंजूर होणे व जप्त कादंबरी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा रजेचा अर्ज, कारण : ‘वाचन’.
२) त्यावरील आपला शेरा : ‘हे काय कारण झाले?’
३) आपले ज्ञापन, दि. ४ डिसेंबर.

महोदय,

उपरोक्त विषयी, चौदा वर्षे आपल्या शाखेच्या रेकॉर्डरूममध्ये धूळ खाणारा अर्जदार पुढीलप्रमाणे निवेदन करतो. निवेदन लांबले आहे. पण आपणांस हल्ली लांबलचक मजकूर वाचण्याची सवय झाली आहे, असे दिसते. त्याविषयी पुढे येईलच.

१. अर्जदाराने २ ते ७ डिसेंबर अशी सहा दिवसांची रजा मागितली होती. अर्जातील ‘रजेचे कारण’ या रकान्यात त्याने ‘वाचन’ असे खरे ते लिहिले. आवक-जावकच्या बाईंनी त्याच वेळी डोक्याला हात लावून सांगितले होते, की अहो, आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात, मागच्या महिन्यात कॅशियर आजारपणावर समुद्रकिनारी जाऊन काळा होऊन आला, कोणी विचारले का? अर्जदाराने ऐकले नाही. हा त्याचा पहिला मूर्खपणा.

२. आपण खुलासा मागवला. अर्जदाराने दोन पानी खुलासा दिला. वाचन घरीच होणार, गॅलरीत, वेताच्या खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून, असेही त्यात प्रामाणिकपणे नमूद केले. हा दुसरा. आपण रजा मंजूर करताना अट घातलीत : ‘अर्जदार घरीच असल्याने गरज पडल्यास उपलब्ध राहावे.’ लग्नाला, सहलीला, सासुरवाडीला गेलेल्या एकाही कर्मचाऱ्याला आजवर ही अट लागलेली नाही. घरात निवांत बसणारा माणूस म्हणजे मोकळाच, अशी आपल्या कार्यालयाची समजूत आहे, आणि तिचा अर्जदाराला मनापासून संताप येतो.

३. २ डिसेंबरला सकाळी दहा वाजता अर्जदार खुर्चीत बसला. चहा हाताशी होता. कादंबरी दीपगृहावर एकटी राहणाऱ्या एका बाईची आहे. ती एकोणीस पाने पुढे गेली आणि फोन वाजला. एक फाइल सापडत नव्हती.

येथे अर्जदार आपली चूक कबूल करतो. रेकॉर्डरूममधील फायली त्याने क्रमांकानुसार लावलेल्या नाहीत. त्या लोकांच्या चिकाटीनुसार लावल्या आहेत. जे दर आठवड्याला येऊन डोके खातात त्यांच्या फायली हाताच्या उंचीवर, महिन्याने येणाऱ्यांच्या गुडघ्यापाशी, ज्यांनी नाद सोडला त्यांच्या थेट छताला. या पद्धतीने अर्जदाराला कोणतीही फाइल अर्ध्या मिनिटात मिळते. बाकीच्यांना जन्मात मिळणार नाही. शिडीवर चढलेल्या टंकलेखकाला तर खाली उतरणेही जमेना.

४. म्हणून अर्जदार घरच्या चपलांवर धावत आला, फाइल काढली, टंकलेखकाला उतरवले आणि निघाला. जाताना दाराशी हजेरीपट उघडा होता. चौदा वर्षांची सवय. हात गेला आणि सही झाली. सुटीच्या दिवशीही माणसाला साडेपाचला जाग येते ना, तसेच ते झाले.

५. या एका सहीवर आपल्या आस्थापनेने असा निष्कर्ष काढला की अर्जदार २ तारखेला कामावर हजर झाला, सबब त्याची रजा त्याच क्षणी संपुष्टात आली. आणि रजा संपली असूनही ३ तारखेला तो आला नाही, सबब विनापरवानगी गैरहजर. ३ तारखेला बिचारा अर्जदार गॅलरीत पान एकशे दहापर्यंत पोहोचला होता आणि चौदा वर्षांत प्रथमच सुखात होता.

४ तारखेला ज्ञापन हातात पडले : ‘रजेवर असताना हजर राहिल्याबद्दल व हजर असणे अपेक्षित असताना गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा करावा.’ अर्जदाराने हे वाक्य पत्नीला वाचून दाखवले. ती हसून हसून पोट धरून खाली बसली. अर्जदाराला काही हसू आले नाही.

६. खुलासा द्यायला अर्जदार त्याच दिवशी आला. आपण कामात होता. त्याला बाहेरच्या बाकावर तीन तास बसवले गेले. तीन तास माणूस काय करणार? त्याने पिशवीतून कादंबरी काढली. आपण बाहेर आलात, पाहिलेत, आणि ‘कार्यालयीन वेळेत वाचन’ असा तिसरा ठपका ठेवून ती पुरावा म्हणून टेबलाच्या खणात ठेवलीत. अर्जदार हात चोळत राहिला. उरलेले तीन दिवस चौकशीत गेले. रजा गेली, मुक्काम पान एकशे त्रेचाळीस.

७. आता मुद्द्याचे. त्या पानात खूण म्हणून केसांची पिन होती. ती अर्जदाराच्या पत्नीची आहे, याची कृपया गैरसमज टाळण्यासाठी नोंद व्हावी. सह्या घेण्यासाठी अर्जदार रोज आपल्या दालनात येतो. सदर पुरावा आता खणात नसतो, टेबलावर हिरव्या फाइलीखाली असतो, आणि त्यातील पिन चालते आहे. ५ तारखेला ती १७१ वर होती. ७ ला २२८. १० ला ३०१. काल ३८८.

दुपारी तीनपासून आपल्या दारावर ‘बैठक सुरू आहे’ अशी पाटी असते. आत कोणी गेलेले शाखेत कोणी पाहिलेले नाही. मंगळवारी आपण अर्जदाराला जाता जाता विचारलेत की एवढ्या वादळात दीपगृहाची काच तग धरत असेल का हो? बुधवारी आपले डोळे लाल होते, तेव्हा आपण सर्दी म्हणालात. सगळी शाखा काढ्याचे उपाय सुचवत होती. अर्जदार मान खाली घालून उभा राहिला. त्याला कळले होते की त्या बाईवर काहीतरी बेतले आहे, आणि ते काय हे त्याच्या आधी आपणांस कळले आहे. साहेब, त्या क्षणी अर्जदार जळून खाक झाला.

८. हा हट्ट कशासाठी, असे आपण विचाराल. लग्नाआधी अर्जदार आणि त्याची पत्नी एकच पुस्तक पाठोपाठ वाचत आणि मग त्यावरून कडाकडा भांडत. गेल्या कित्येक वर्षांत गॅस संपला, पाणी आले, किल्ली कुठे ठेवली, यापलीकडे दोघांत बोलणेच उरलेले नाही. ही कादंबरी तिने वाचनालयातून आणली, आधी वाचली आणि म्हणाली, आता तू वाच, मला बोलायचंय. गेले दहा दिवस ती ओठ घट्ट मिटून घरात वावरते आहे. स्वयंपाक करता करता मध्येच थांबते, अर्जदाराकडे बघते आणि पुन्हा वळते. तिच्या पोटात ते मावत नाही. अर्जदाराला तिच्याशी बोलायचे आहे. ‘रजेचे कारण’ या रकान्यात हे बसत नव्हते.

९. सबब विनंती की १६ ते २१ डिसेंबर अशी सहा दिवसांची रजा बिनशर्त मंजूर करावी. वर्ष संपले की ती बुडेल. ३ तारखेची गैरहजेरी रद्द व्हावी. कादंबरी पिनेसह परत मिळावी.

१०. एक शेवटची बाब, जी चौकशीत कोणी विचारली नाही म्हणून अर्जदाराने सांगितली नाही. आपल्या टेबलावरील पुस्तक ४१२ पानांचे आहे. आपला वेग पाहता ते आज संध्याकाळी संपेल. कादंबरी मात्र तिथे संपत नाही. तिचा दुसरा खंड आहे, हे आपणांस ठाऊक झालेले दिसते. तो अर्जदाराच्या घरी, पत्नीच्या उशाखाली आहे, आणि वाचनालयात त्याची दुसरी प्रत नाही, याची खात्री आवक-जावकच्या बाईंनी आपल्याच सांगण्यावरून कालच केली आहे. पत्नी म्हणते की पहिला खंड अशा ठिकाणी तुटतो की माणसाला अन्न गोड लागत नाही. हा दुसरा खंड अर्जदाराचा वाचून होताच, २३ डिसेंबरला सकाळी दहा वाजता, आपल्या टेबलावर हजर केला जाईल. सहा दिवसांत दोन्ही खंड वाचून होण्यासाठी फोन येऊ नये, एवढेच.

निर्णय आपला आहे. घाई नाही.

आपल्याहून दोनशे पंचेचाळीस पाने मागे पडलेला,

(सही)
अर्जदार, अभिलेखपाल

सोबत :
१) रजेचा नवा अर्ज. कारण : ‘वाचन’.
२) ज्ञापनाची प्रत.
३) दुसऱ्या खंडाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. फक्त पहिल्या.