पोस्टरवरचा माणूस

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्याच हातात पडलं आहे असं धरून चालते. पत्ता मला एका अनोळखी बाईंनी दिला, तोही फोनवर ठेवलेल्या निरोपात, आणि मागे गाड्यांचे हॉर्न इतके वाजत होते की गल्लीचं नाव मी पुन्हा पुन्हा ऐकून लिहून घेतलं. तू तो नसशील, तर पाकीट उघडणाऱ्याने कृपा करून इथेच थांबावं आणि कागद फाडून टाकावा. तू तोच असशील, तर आधी खाली बस. तुला उभ्याउभ्या वाचायची खोड होती, आणि अर्धं झालं की कागद कुठेतरी ठेवून निघून जायचास. इतकी वर्षं तू कुठे आहेस हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आहेस की नाहीस हेही नाही. मला या पत्राचं उत्तर हवं आहे.

मी कॉलेजात शिकवते. तू गेलास तेव्हा मी शाळेत होते, म्हणून हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. माझा विषय सिनेमा. हसू नकोस. घरात सिनेमाचं नाव काढलं की बाबांच्या कपाळावर आठ्या चढायच्या, आणि आता त्याच सिनेमावर त्यांच्या मुलीचं पोट भरतं. दर वर्षी शेवटच्या वर्गातली मुलं गट करून एक थरारपट कल्पतात. अख्खा सिनेमा काढायची कुणाचीच ऐपत नसते, म्हणून त्याचा फक्त ट्रेलर काढायचा, एक पोस्टर करायचं आणि एका मासिकाचं मुखपृष्ठ. तिन्ही शेजारी ठेवली की एकाच घरची भावंडं वाटली पाहिजेत, हा माझा लाडका निकष. एरवी काय असतं, तर ट्रेलरमध्ये अंधार, पोस्टरवरच्या अक्षरांतून ठिबकणारं रक्त, आणि मुखपृष्ठावर हनुवटीखाली टॉर्च धरून उभी असलेली नायिका. मी कुणाची गय करत नाही. मुलं मला मागून 'कात्री' म्हणतात, आणि ते मला कळत नाही अशी त्यांची समजूत आहे.

यंदाच्या एका गटाची म्होरकी एक काडीसारखी मुलगी आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून वर्गात तिला सगळे 'बडबडी' म्हणतात. तिच्या गटाचा ट्रेलर लागला आणि मी पेन खाली ठेवलं. एका गावात एक माणूस हरवला आहे. शोधणारी बाई दारोदार फिरते, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी त्याला पाहिलं, एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी. किंचाळी नाही, सुरा नाही. फक्त दारं उघडतात, माणसं बोलतात, दारं लागतात, आणि दर वेळी दार लागायचा आवाज थोडा अधिक जवळून येतो. शेवटी त्यांनी एक चूक केली, मागे उगाच ढोल बडवला. त्याचे गुण मी कापले. बाकी काम इतकं नेटकं होतं की मला हेवाच वाटला. मुखपृष्ठही चांगलं होतं, त्या शोधणाऱ्या बाईची नुसती पाठ आणि हातात गुंडाळलेला कागद.

मग बडबडीने पोस्टर उलगडलं. थरारपटाचं पोस्टर म्हणून त्यांनी हरवलेल्या माणसाची जाहिरात केली होती, खरी वाटावी अशी, स्वस्त कागदावर, काळ्या शाईत. वर 'यांना पाहिलंत का?' आणि खाली एक फोन नंबर. सिनेमाचं नाव कोपऱ्यात, अगदी बारीक. आणि मधोमध तू होतास, दादा. तो स्टुडिओतला फोटो, शेजाऱ्यांकडून उसना आणलेला टाय, डाव्या भुवईत जखमेची ती खाच, आणि दात उपटायला बसल्यासारखा चेहरा. खोलीत माझे सहकारी होते, मुलं होती. पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून रडले. काही वेळाने तोंड धुऊन आत आले आणि विचारलं, हा फोटो तुम्हाला कुठे मिळाला?

मला वाटलं होतं, रद्दीत मिळाला असेल, किंवा स्टुडिओवाल्याने न नेलेल्या फोटोंचा खोका विकला असेल. झापायची पूर्ण तयारी करून मी बसले होते. बडबडी म्हणाली, आजींनी दिला की, तुमच्या आईंनी. झालं होतं असं, की ती माझ्याकडून कॅमेऱ्याचं स्टँड न्यायला घरी आली, मी अजून पोचले नव्हते, आणि आईने तिला बसवून घेतलं. आता ती पोरगी गप्प बसणार आहे का? तिने अख्खी गोष्ट सांगितली, आणि म्हणाली, आम्हाला एखाद्या माणसाचा जुना फोटो हवाय, कुणी ओळखणार नाही असा. आई उठली. कपाटातल्या चादरींच्या खालून फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. मग सूचनाही दिल्या. चेहरा मोठा छापा, भुवई दिसली पाहिजे. पत्ता नको, फोन द्या. बस स्टँडवर लावा, दवाखान्यांबाहेर लावा, गावाला जाल तर तिकडेही लावा. फक्त कॉलेजच्या रस्त्याला नको, मॅडमना आयत्या वेळी कळू दे. मुलांना वाटलं, आजी भलत्याच हौशी आहेत. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं जसंच्या तसं केलं.

तुला हे कळायला हवं की तू गेल्यापासून आईने तुझं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. बाबांनी भिंतीवरचे तुझे फोटो उतरवले तेव्हा तिने मुकाट्याने खिळे काढून ठेवले. मला तर लहानपणी तिचा राग यायचा, वाटायचं, हिला काहीच कसं वाटत नाही? मी तुझं शेपूट होते. तू स्कूटरला लाथ मारत 'चल गं माझे बाई, चल' म्हणायचास तेव्हा मी मागच्या सीटवर आधीच चढून बसलेली असायचे. तू गेल्यावर मी कुणाला विचारणार होते? बाबा तीन वर्षांमागे गेले, दादा. हे अशा रीतीने सांगावं लागतं आहे, पण दुसरी रीत मला सुचत नाही. झोपेतच गेले, हाल झाले नाहीत. शेवटच्या दिवसांत ते दर वेळी दार वाजलं की मान वळवायचे. तोंडाने मात्र काही बोलले नाहीत, ते तसेच होते.

पोस्टर पाहिलं त्या दिवशी घरी गेले आणि आईसमोर उभी राहिले. ती भाजी निवडत होती. म्हटलं, आई, हे काय केलंस? मान वर न करता ती म्हणाली, पोलिसात जायचं तर तुझ्या बाबांना विचारावं लागलं असतं, आणि ते गेल्यावर पोलिसांना काय सांगणार, इतकी वर्षं काय करत होता म्हणून? सिनेमाचं पोस्टर लावायला काय कुणाला विचारायचं! मग थांबून म्हणाली, तुला आधी सांगितलं असतं तर तू नियम काढला असतास. हे खरं आहे, मी काढला असता. त्यानंतर ती रोज संध्याकाळी मी चपला काढत असतानाच विचारते, कुणाचे फोन आले का गं?

फोन आले होते. त्या नंबरवर आधी ट्रेलरमधला बाईचा आवाज लागतो, आणि मग काय पाहिलं ते सांगा असं म्हणतो. मुलांनी जाहिरातीसाठीच ती सोय केली होती. एकाने सांगितलं की हा माणूस माझा मेहुणा आहे आणि तो हरवलेलाच बरा. एकाने नुसताच दार आपटायचा आवाज काढला. मुलं खिदळत ऐकत होती, मी ऐकत नव्हते. मग एका दुपारी बडबडी स्टाफरूममध्ये आली, पहिल्यांदाच गप्प. तिने फोन माझ्या कानाला लावला. एक बाई, वयस्कर, जरा वैतागलेल्या. म्हणाल्या, तो हरवलेला वगैरे काही नाही, आमच्या दुकानासमोर शिलाई मशीन दुरुस्त करतो, केस पांढरे झालेत पण भुवई तीच आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकटाच राहतो. मशीन अडलं की त्याला 'चल गं माझे बाई' म्हणतो. शोधणाऱ्यांना सांगा, बरा आहे तो, उगाच पोस्टरं लावून माणसाला घाबरवू नका. आणि मग पत्ता. मी तो निरोप उभ्याने ऐकला आणि बडबडीनेच मला खुर्ची दिली.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं, सांगणं भागच होतं. ती रडली, आणि दुसऱ्याच दिवशी गटाला घेऊन जिथे जिथे लावली होती तिथली पोस्टरं काढून आणली. पण काम तर तपासायला आलेलंच होतं. मी विभागात जाऊन सांगितलं की ट्रेलरचे आणि मुखपृष्ठाचे गुण मी देते, पोस्टर माझ्याच भावाचं आहे, ते मी तपासणार नाही. ते विभागप्रमुखांकडे गेलं. हे गृहस्थ कोरडे आहेत, पण माणूस सरळ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, इतकं चांगलं पोस्टर या खोलीत बऱ्याच दिवसांत आलं नाही, पण परवानगीचा रकाना मोकळा आहे. आमच्याकडे नियम आहे, ज्याचा चेहरा वापरला त्याने स्वतः 'हो' लिहून द्यायचं, नाहीतर पोस्टर कुठेही लावता येत नाही आणि गुणही मिळत नाहीत. मी घरी येऊन आईला हा नियम सांगितला, तेवढाच, बाकी काही नाही. ती म्हणाली, त्यात काय, माझाच मुलगा, मी देते परवानगी, आण कागद. मी विभागप्रमुखांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, त्याच्या वतीने आईला 'हो' म्हणता येणार नाही. मी त्या वाक्यावर दिवसभर अडून बसले. तो फोटो बाबांनी स्थळाला दाखवायला काढवून घेतला होता. तुला न विचारता लग्न ठरलं, पत्रिका छापून झाल्यावर तुला तारीख सांगितली गेली, आणि तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास. तेव्हा सगळे म्हणाले, मुलाला झालंय काय? कुणी म्हणालं नाही की त्याला विचारलं का होतं.

तर विभागाच्या दृष्टीने मी हे पत्र एका ओळीसाठी लिहिते आहे, पोस्टरला तुझी परवानगी आहे की नाही, एवढ्यासाठी. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे. तू 'नाही' म्हणालास तरी मुलांचं बिघडणार नाही, ती दुसरा चेहरा लावतील, त्यांना नापास होऊ न देण्याची जबाबदारी माझी. पण काल आईने पुन्हा फोनचं विचारलं, आणि मी म्हटलं, सगळे थट्टेचेच होते. तिने फक्त 'बरं' म्हटलं आणि पाठ फिरवली. दादा, मला ते पुन्हा जमणार नाही. तरीही त्या बाईंचा निरोप मी तिला ऐकवलेला नाही आणि पत्ता दिलेला नाही, कारण बाबांनी तुला विचारलं नाही, आईने फोटो देतानाही विचारलं नाही, या घरात तुला कुणी कधी काही विचारलंच नाही. म्हणून मी विचारते आहे. परत ये असं म्हणत नाही. भेट असंही म्हणत नाही. तुझ्या मनाविरुद्ध तिला कधी तुझ्या दारात आणून उभी करणार नाही. फक्त तू जिवंत आहेस, एवढं मी तिला सांगू का?

तुझीच,
धाकटी